जीप-जिप्सीमधील घरगुती फॅब्रिकेशन

खडक, चिखल आणि ओढ्या-नाल्यांतून न्यायच्या चारचाकीसाठी लागणारे भाग मालकाने स्वतः मोजून, कापून, वेल्डिंग करून घराच्या आवारात गाडीवर बसवण्याची पद्धत. भारतात ती मुख्यतः दोन गाड्यांवर वाढली : महिंद्रची जुनी जीप (सीजे-३बी, एमएम ५४० ही तिची परिचित रूपे) आणि मारुती जिप्सी. दोन्ही गाड्यांत चासी वेगळी व बॉडी वेगळी, पुढेमागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांना कमानपाटे. कुठलाही भाग बोल्ट सोडून बाजूला काढता येतो आणि जोडणी उघड्या डोळ्यांना दिसते. त्यामुळे पान्यांचा एक संच आणि वेल्डिंग मशीन एवढ्यावरही बरेच काम निभावते.

विलीजच्या आराखड्यावरची जीप महिंद्रने १९४७ पासून भारतात जोडायला सुरुवात केली. जिप्सी १९८५ मध्ये ९७० घन सेंमी. इंजिनासह आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले. लष्कराने दोन्ही गाड्या मोठ्या संख्येने वापरल्या. लिलावात निघालेल्या लष्करी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग यांवर हरियाणातील मंडी डबवालीसारखी जीपबांधणीची गावे नावारूपाला आली. महाराष्ट्रातली परिस्थिती निराळी होती. इथे वडापच्या जीपगाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि मालट्रक यांच्या दुरुस्तीमुळे तालुक्याच्या गावीही पाटे बांधणारा, लेथवाला आणि वेल्डर भेटतो. घरी काम करणारा माणूस टर्निंग, पाट्यांची कमान वाढवणे, जाड प्लेट कापणे अशी कामे त्यांच्याकडून करून घेतो आणि बसवणी स्वतःकडे ठेवतो. ही वाटणी शहाणपणाची आहे, कारण या उद्योगात वेल्डिंगपेक्षा बसवणी कठीण असते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते ॲक्सल पाट्यांखाली घेण्याच्या कामात. कारखान्यातून येणाऱ्या जीप आणि जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली यू-बोल्टने आवळलेले असतात. ते ॲक्सलच्या वर घेतले, की ॲक्सलच्या नळीचा व्यास आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून जेवढी होते साधारण तेवढी चासी उंचावते. मोठे टायर बसतात, पाटे खडकाला अडकत नाहीत. त्यासाठी नळीच्या वरच्या अंगाला पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. काम एवढेच वाटते, पण खरा प्रश्न त्या बैठकांच्या कोनाचा आहे. चासीबरोबर ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटून देणारी गिअरपेटी, वर जाते, ॲक्सल मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, त्यामुळे या दोघांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्टच्या दोन टोकांना असलेल्या दोन क्रॉसमधले (तिरके फिरू देणाऱ्या सांध्यांमधले) कोन सारखे असतील तरच एकाने निर्माण केलेला गतीचा चढउतार दुसरा काढून टाकतो. ते सारखे नसतील तर गाडी ठराविक वेगाला थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. म्हणून डिफ्रेन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) पिनियनचे, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतात त्या दांड्याचे, तोंड ट्रान्सफर केसच्या शाफ्टला समांतर ठेवून मगच बैठक पक्की करायची.

पुढच्या ॲक्सलला हाच नियम डोळे झाकून लावता येत नाही. पिनियन वर उचलावा तर चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनचा मागचा झुकाव, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. मग स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर इकडेतिकडे भटकते. इथे शाफ्टचे थोडे ऐकायचे, कॅस्टरचे जास्त.

प्रत्यक्ष कृती अशी : आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापून नळीच्या गोलाईला लावून पाहतात, कानशीने जुळवतात, मग त्यावरून प्लेट कापतात. बैठक नळीवर सैल ठेवून यू-बोल्ट हलके आवळतात आणि गाडी जॅकवरून उतरवून तिच्या स्वतःच्या वजनावर सपाट जमिनीवर उभी करतात. चाके हवेत लोंबकळत असताना मोजलेला कोन निरुपयोगी असतो, कारण पाटे दबल्यावर तो बदलतो. कोनमापक लावून कोन ठरला, की चार जागी टाके मारायचे, गाडी पुन्हा हलवून मोजायची, आणि मगच ॲक्सल खाली काढून पूर्ण वेल्ड करायचा. तोही सलग नाही. एका बाजूला इंचभर, मग विरुद्ध बाजूला इंचभर, मध्ये नळी निवू द्यायची. एकाच अंगाने सलग वेल्ड मारला तर नळी आकसून वाकते आणि आतला शाफ्ट ऑइलसील एका बाजूने खातो. वेल्डिंगपूर्वी ती सीले काढून ठेवणे बरे.

एवढे झाले तरी काम संपत नाही. ब्रेकचे रबरी पाइप आखूड पडतात, शॉकअब्सॉर्बर लांब लागतात, प्रोपेलर शाफ्टची सरकती जोडणी पुरेशी आत राहिली आहे का ते पाहावे लागते. स्टेअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, तिरका होतो आणि खड्ड्यात चाक वर गेले की स्टेअरिंग हाताला हिसका देते. कमी गिअरमध्ये जोर लावला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि मऊ पाटे नागमोडी पिळतात, म्हणून चासीला बांधलेला एक रोधक दांडा द्यावा लागतो. टायरचेही तसेच. जिप्सीचा २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६.८ सेंमी. व्यासाचा, २३५/७५ आर १५ सुमारे ७३.४ सेंमी.चा. जवळपास १० टक्के फरक. मीटरवर ६० दिसत असताना गाडी ६६ ने पळत असते, गिअर तेवढे जड होतात, आणि ब्रेक मात्र जुनेच असतात. उंची वाढवून ब्रेक तसेच ठेवलेल्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात, आणि ते धोक्याचे आहे.

बंपर, विंचची (तारेने गाडी ओढणाऱ्या यंत्राची) प्लेट आणि दाराखालचा संरक्षक पाइप ही नवशिक्यासाठी योग्य कामे आहेत. यात चूक झाली तर ती दिसते आणि सुधारता येते. तरीही विंचचा ताण शेवटी चासीवर येतो हे विसरू नये. भोके चासीच्या उभ्या बाजूला पाडावीत, वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला नाही, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण त्या पट्ट्याच घेतात. पेटीसारख्या बंद चासीतून आरपार बोल्ट घालायचा असेल तर आत नळीचा तुकडा बसवून त्यातून घालावा. नाहीतर बोल्ट आवळताच चासीच्या भिंती आत दबतात आणि थोड्या दिवसांत बोल्ट पुन्हा सैल. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे घ्यावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो : ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि तिच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबू लागतो.

रोलकेजचे, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणाऱ्या पाइपांच्या चौकटीचे, गणित वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय मोटर संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मिमी. व्यासाची व २.५ मिमी. जाडीची, किंवा ५० मिमी. व २ मिमी.ची, थंड ओढलेली सीमलेस नळी सांगितली आहे. फर्निचरचा पाइप वाकवून केलेली चौकट दिसायला तशीच असते, पण गाडी उलटल्यावर ती आत मुडपते.

वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा. तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर डाग पाडतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वेल्डिंग रॉड ओल धरतात. ७०१८ जातीच्या रॉडला ती ओल चालत नाही, वेल्डमध्ये हायड्रोजन शिरून नंतर चीर जाते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून मुलामा आधी घासून काढतात. पाट्यांच्या पोलादावर वेल्ड कधीच करू नये, तापलेल्या जागी ते ठिसूळ होऊन तुटते. जीपच्या डिफ्रेन्शियलचा मधला गोळा ओतीव असतो, त्यावर साधा रॉड धरत नाही. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यातली वाफ पेट घेते. स्टेअरिंगचे दांडे आणि ब्रेकचे भाग घरी बनवू नयेत, तयारच घ्यावेत.

पाण्याची तयारी स्वस्तात होते आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल दुधाळ निघते. ॲक्सलच्या श्वासनळीला, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याच्या तोंडाला, रबरी पाइप जोडून तो बॉनेटखाली उंच बांधला की काम झाले. स्नॉर्केलचा, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीचा, प्रत्येक सांधा हवाबंद हवा, कारण डिझेल इंजिनात पाणी शिरले तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया या खडतर वाटांवरच्या चारचाकी स्पर्धेत अशा कामांची खरी परीक्षा होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे मांडले. धातूचे पुढचे गार्ड या कलमाचा भंग करतात, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. म्हणून रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत श्वासनळ्या, खालची संरक्षक प्लेट, ओढण्याचे हुक असे बोल्टने काढता-घालता येणारे भागच बसवणे श्रेयस्कर, आणि उंची वाढवून केज घातलेली गाडी स्पर्धेच्या जागेपर्यंत ट्रकवर चढवून नेतात.