जठरातलं रफूकाम

मामांच्या एन्डोस्कोपीत डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा काढला आणि पिवळ्या जेलमध्ये खुपसला. आम्ही फाइल आवरेपर्यंत पिवळ्याचं गुलाबी झालं होतं. ‘पॉझिटिव्ह’ म्हणाले. मामींनी लगेच निकाल दिला, "तरी मी सांगत होते, ती मिसळ बंद करा म्हणून!"

मिसळ बिचारी निर्दोष होती. तिखटाने जळजळ वाढते हे खरं, पण रंग बदलला तो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे. त्याच्याकडचं युरिएज हे विकर युरियापासून अमोनिया बनवतं (जेलमध्ये युरिया असतो, अमोनिया झाला की ते गुलाबी होतं), आणि त्याच अमोनियाच्या आडोशाने तो जठराच्या आम्लातून तरतो. जठरात जिवाणू जगूच शकत नाहीत, अल्सर काळजीने होतो, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जिवाणू वाढवून दाखवला. तरी कोणी ऐकेना, म्हणून १९८४मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र तिच्या पुढचा भाग जास्त आवडतो. आम्लातून निसटून हा जिवाणू अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो, आणि तिथे त्याची गाठ आपल्या पांढऱ्या पेशींशी पडते. त्या सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायपोक्लोरस आम्ल ओततात. यातलं शेवटचं म्हणजे फरशी पुसायच्या ब्लीचचा सख्खा भाऊ. हा मारा एक-दोन दिवसांचा नव्हे. उपचार केले नाहीत तर संसर्ग बहुधा जन्मभर राहतो, म्हणजे माराही तितकाच. यात जिवाणूच्या डीएनएचं काय होत असेल?

डीएनए म्हणजे दुपदरी दोरी. या जिवाणूकडे ती साधारण १६-१७ लाख अक्षरांची, टोकं जुळवून गोल केलेली असते. किरकोळ इजा अशी, की ‘जी’ हे अक्षर ऑक्सिजनने गंजतं आणि समोर ‘सी’ऐवजी ‘ए’ येऊन बसतं. मग म्युटवाय नावाचं प्रथिन तो घुसखोर ‘ए’ उचकटून काढतं. एकच पदर बिघडला असेल तर समोरचा पदर बघून डागडुजी होते. पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर? टोकाला टोक चिकटवून भागत नाही, मधली अक्षरं गेलेली असतात.

इथे आधी ॲडएबी नावाचं प्रथिन येतं. ते तुटक्या टोकाला धरतं, पीळ उलगडत आणि कातरत मागे सरकतं, आणि एक पदर मोकळा लोंबता ठेवतं. त्या पदरावर रेकए नावाची प्रथिनं मण्यांसारखी ओवली जातात. ही माळ मग गुणसूत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आपल्यासारखाच मजकूर शोधते (पेशी वाढत असताना अशी प्रत, निदान अर्धवट तरी, बहुधा हाताशी असते). मजकूर सापडला की पदर त्या अखंड दोरीत घुसतो आणि हरवलेली अक्षरं तिच्यावरून उतरवून घेतली जातात. आता दोन दोऱ्या एकमेकींत अडकल्या आहेत. चार पदरांची ही फुली म्हणजे हॉलिडे जंक्शन. सुट्टीशी त्याचा संबंध नाही, १९६४मध्ये ही कल्पना मांडणाऱ्या रॉबिन हॉलिडे यांचं ते आडनाव. रुव्हए आणि रुव्हबी ही प्रथिनं ती फुली पुढे सरकवतात आणि रुव्हसी ती नेमकी दोन ठिकाणी कापून दोऱ्या सुट्या करतं. कापलीच नाही तर प्रती अडकून बसतात.

(यूट्यूबवर ‘५२८ हर्ट्झचं संगीत ऐका, डीएनए दुरुस्त करा’ असे व्हिडिओ आहेत. खुशाल ऐकावं. पण रुव्हसीला कान नाहीत.)

हे रफूकाम किती मोलाचं, ते उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. रुव्हसीचं जनुक मोडलेले जिवाणू उंदरांना पाजले. संसर्ग व्हायला नेहमीच्या सुमारे शंभरपट डोस लागला. झाला खरा, पण ३६ ते ६७ दिवसांत, औषधाविना, जिवाणू नाहीसे झाले. धडधाकट जिवाणू मात्र ठाण मांडून राहिले. म्हणजे घर करता आलं, नांदता आलं नाही.

आणखी एक गंमत. ई. कोलायसारख्या जिवाणूंत डीएनए तुटला की ‘एसओएस’ नावाची आणीबाणी जाहीर होते. पायलोरीकडे ती यंत्रणाच नाही. त्याऐवजी तो बाहेरचा डीएनए आत ओढायची तयारी वाढवतो आणि सोबत लायसोझाइमसारखं एक प्रथिन बनवतो, जे आजूबाजूच्या जातभाईंना फोडतं. शेजारी फुटला की त्याचा डीएनए आयताच मिळतो. अशा उसनवारीमुळे दोन माणसांच्या पोटातले पायलोरी सहसा तंतोतंत सारखे नसतात.

मामांच्या चिठ्ठीवर मेट्रोनिडॅझोल होतं. ही गोळी मुळात निरुपद्रवी. जिवाणूचंच आरडीएक्सए हे विकर तिचं विष करतं आणि ते विष त्याचाच डीएनए तोडतं. रुव्हसी मोडलेला जिवाणू या गोळीपुढे लवकर हात टेकतो, कारण तोडफोड तीच आणि रफूही तेच. पण धडधाकट जिवाणूला आणखी सोपी पळवाट आहे. आरडीएक्सएचं जनुक बिघडलं की गोळीचं विषच होत नाही. भारतात मेट्रोनिडॅझोलला न जुमानणारे पायलोरी सर्रास सापडतात, म्हणून एका गोळीवर भागत नाही. दोन-तीन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, असं १४ दिवस.

मामांनी सहाव्या दिवशी विचारलं, "आता बरं वाटतंय, थांबवू का रे?" मी त्यांना रुव्हसीची गोष्ट सांगायला घेतली. हॉलिडे जंक्शनपाशी त्यांचा डोळा लागला. उरलेल्या गोळ्या मामींनी मोजून दिल्या.