एडविगची चार वर्षे: चरित्र एक सांगते, सनदा दुसरेच

इंग्लंडचा राजा एड्रेड २३ नोव्हेंबर ९५५ रोजी निपुत्रिक वारला आणि गादी पुतण्याकडे, एडविगकडे आली. एडविगचे वय तेव्हा जेमतेम पंधरा. वडील एडमंड ९४६ मध्ये मारले गेले, त्या वेळी मुले अगदीच लहान असल्याने राज्य काकाकडे गेले होते.

राज्याभिषेक थेम्सकाठच्या किंग्स्टनला झाला. एडविगची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तिथलीच: मेजवानी सोडून तो एल्फगिफू (हिच्याशीच त्याचा विवाह झाला) आणि तिच्या आईकडे गेला, मुकुट जमिनीवर पडलेला, आणि मठाधिपती डन्स्टनने त्याला ओढून परत आणले. ही गोष्ट येते डन्स्टनच्या चरित्रात. ते लिहिले गेले सुमारे चाळीस वर्षांनी, आणि डन्स्टनला हद्दपार केले होते ते एडविगनेच! तेव्हा ती जपूनच वाचावी.

त्या काळचा खरा पुरावा सनदांचा. एकट्या ९५६ सालच्या साठाहून अधिक सनदा आज उपलब्ध आहेत. साचा ठरलेला: दानाचा मजकूर लॅटिनमध्ये, जमिनीचे माप हाइडमध्ये (एक हाइड म्हणजे साधारण एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन), चतुःसीमा मात्र जुन्या इंग्रजीत, ओढे, खंदक, झाडे अशा खुणांनी, शेवटी साक्षीदारांची नावे, प्रत्येकापाशी क्रूस. बहुतेक सनदा मठांच्या नंतरच्या नकलांतून आल्या आहेत. नकलकाराने कंटाळून साक्षीदारांची यादी छाटली की सनदेचा निम्मा उपयोग गेला. कारण ९५७ मध्ये राज्य थेम्स नदीच्या रेषेवर विभागले गेले ते या याद्यांतच दिसते: धाकटा भाऊ एडगर आणि उत्तरेकडचे सरदार-बिशप एडविगच्या यादीतून एकदम गायब होतात. पुढे याला बंड म्हटले गेले. पण कोण कुठे गेला हे ज्याच्या-त्याच्या प्रांतावरून ठरलेले दिसते आणि नाणी अखेरपर्यंत एडविगच्याच नावाची. ही ठरवून केलेली वाटणी असावी.

जवळच्या नात्याचे कारण देऊन आर्चबिशप ओडाने ९५८ मध्ये एडविग-एल्फगिफूचा विवाह मोडला. मात्र त्याआधीच्या ॲबिंग्डन मठाशी झालेल्या जमिनीच्या एका अदलाबदलीवर ‘राजाची पत्नी’ एल्फगिफू आणि ‘राजाच्या पत्नीची आई’ एथेलगिफू यांची साक्ष आहे, तीही बिशपांच्या सोबत. चरित्रातल्या त्या बदनाम बायका त्या याच.

एडविग १ ऑक्टोबर ९५९ रोजी वारला, मूलबाळ नव्हते. सगळे राज्य एडगरकडे आले. एडविगने ओडानंतर कँटरबरीला नेमलेला आर्चबिशप एल्फसिगे पॅलियम (पोपकडून मिळणारे आर्चबिशपपदाचे मानवस्त्र) आणायला रोमला जाताना आल्प्समध्ये थंडीने गेला होता. त्याच्या जागी आलेल्या बर्टहेल्मला एडगरने जुन्या पदावर परत पाठवले आणि तिथे डन्स्टनला बसवले.