मुळाला भोक पडलं म्हणजे दात गेलाच?

रूट कॅनाल करताना मुळाला आरपार भोक पडलं, की दात काढण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज अजूनही पक्का आहे. एके काळी तो फारसा चुकीचा नव्हता. भोक बुजवायला अमाल्गम (पारा आणि चांदीचं मिश्रण) वगैरे वापरत. ओल आणि रक्त यांत ते नीट बसत नसे, कडेने झिरपे आणि शेजारचं हाड झिजत जाई.

चित्र पालटलं १९९० च्या दशकात. अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात दंतवैद्य महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) हे भोक बुजवायचं नवं सिमेंट पुढे आणलं. गंमत म्हणजे हे मुळात बांधकामातलं पोर्टलँड सिमेंटच, फक्त शुद्ध केलेलं आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेलं. ओल याला नुसती चालत नाही, लागतेच; पाण्याशिवाय ते घट्टच होत नाही. कालवल्यावर ओल्या वाळूसारखं रवाळ, हाताळायला किचकट, आणि सेट व्हायला जवळपास पावणेतीन तास. त्यादरम्यान कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, सामू (पीएच) १२.५ पर्यंत चढतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी होतं, आणि जंतूंना तग धरणं अवघड होतं. पुढे त्यावर मुळाचं नैसर्गिक आवरण, सिमेंटम, पुन्हा धरू शकतं.

बिस्मथमुळे दात काळवंडतो, ही तक्रार मात्र खरी. बायोडेंटिन या त्याच धर्तीच्या नंतरच्या सिमेंटमध्ये बिस्मथऐवजी झिरकोनियम ऑक्साइड असतं, आणि ते बारा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं.

तरी प्रत्येक दात वाचतोच असं नाही. भोक लहान, ताजं आणि हाडात खोलवर असेल तर आशा चांगली. हिरडीच्या कडेशी असून लाळ तिथे पोचत असेल, किंवा मूळच उभं चिरलं असेल, तर एमटीएही फारसं काही करू शकत नाही.