ऊस परिषद

गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसदराची मागणी ठरवण्यासाठी भरणारी शेतकऱ्यांची जाहीर सभा. कोल्हापूर-सांगली भागात या परिषदेतूनच आंदोलनाची दिशा ठरते. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची जयसिंगपूरची परिषद त्यांत सर्वांत परिचित. उसासाठी रस्त्यावर उतरण्याची परंपरा मात्र शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेची. १९८० च्या नोव्हेंबरात टनाला ३०० रुपयांसाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या.

परिषदेआधी गावोगाव बैठका होतात. तिथे घोषणांपेक्षा हिशेब महत्त्वाचा. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये वाढ. म्हणजे १२ टक्के उताऱ्याला सुमारे ४,१५५ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते; ती ९०० धरली तर हाती ३,२५५ उरतात. म्हणून कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा आणि तोडणी खर्च किती दाखवायचा, यावरच खरा वाद असतो. हा हिशेब गावात न पटवता मागितलेला दर वाटाघाटीत टिकत नाही.

परिषदेत पहिल्या उचलीचा (ऊस घातल्यावर मिळणाऱ्या पहिल्या हप्त्याचा) आकडा आणि मागील हंगामाचा फरक ठरावाने मागितला जातो. कारखान्यांनी दाद दिली नाही, तर तोडी बंद, वाहने अडवणे आणि शेवटी चक्काजाम. २०२३ च्या नोव्हेंबरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ रोखल्यावर तडजोड झाली: मागील हंगामात ३,००० पेक्षा कमी दर दिलेल्यांनी टनाला १०० आणि जास्त दिलेल्यांनी ५० रुपये जादा द्यायचे.

वेळ दोन्ही बाजूंना कापते. कारखान्याचा गाळपाचा काळ मोजक्या महिन्यांचा, बंद दिवसाचाही खर्च चालूच. तर शेतात उभा ऊस तुरा येऊन वजनात घटतो आणि पुढच्या पिकाची पेरणी लांबते. आंदोलन फुटते ते इथे. सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने आधी सुरू झाले की ऊस तिकडे वळतो. गावातल्या दोघा-चौघांनी तोड घेतली की उरलेल्यांचाही धीर सुटतो. सगळ्यांत जास्त झळ मराठवाड्यातून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन आलेल्या तोडणी टोळ्यांना बसते: काम थांबले की मजुरी थांबते, उचल मात्र फिटायची राहते. त्यांचे प्रश्न परिषदेच्या ठरावांत पुरेसे येत नाहीत, ही गंभीर उणीव आहे.

रस्त्याइतकीच कोर्टाची लढाईही महत्त्वाची ठरली. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के व्याज लागते. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला.