बुबुळाचा बुरशीजन्य व्रण आणि कोकणातील भातशेती

बुबुळाचा बुरशीजन्य व्रण : डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, ओरखडा पडून त्यातून बुरशी आत शिरली की होणारी जखम. बोलीत आपण ज्याला बुबुळ म्हणतो ते काळे-तपकिरी वर्तुळ आत असते. पारपटल ही त्यावरची काच; तिच्यावरच्या जखमेलाही बोलीत बुबुळाचाच व्रण म्हणतात, म्हणून पुढे ‘बुबुळ’ म्हणजे हे पारपटलच. ही काच मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच ती पारदर्शक राहते, आणि म्हणूनच तिथे शिरलेल्या जंतूशी लढायला शरीराची कुमक उशिरा पोहोचते. व्रण भरला तरी बहुधा पांढरा डाग उरतो. ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात ते हेच. जगात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोकांना हा आजार होत असावा, असा अंदाज 2021 मध्ये मांडला गेला. त्यातले बहुतेक उष्ण आणि दमट प्रदेशांतले, हाताने शेती करणारे.

कोकणात या आजाराला लागणारे सगळे आयते मिळते. पावसाळाभर ओल, आणि ओल सरते न सरते तोच भातकापणी. पेंढी डोक्यावरून मागे नेऊन फळीवर झोडली की दाण्यांबरोबर कुसळे आणि तूस चहूकडे उडते. पुढे सुपाने वारा देताना वाऱ्याची दिशा बदलली तर पोचट दाणे थेट तोंडावर येतात. राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, कवळ (झाडांचा पाला-डहाळ्या) तोडताना मागे वळणारी डहाळी, काजूच्या बागेत ग्रासकटर चालवताना उडणारी काडी, खडकावर कालवे फोडताना उसळणारी कपची, ही आणखी काही निमित्ते. पाल्यापाचोळ्यावर आणि मातीत फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरश्या एरवीही असतातच. डोळ्याचा वरचा थर शाबूत असला तर त्या काही करू शकत नाहीत. कुसळ तो थर खरवडते आणि त्याच ओरखड्यात बुरशी पेरूनही ठेवते.

सुरुवातीला फक्त खुपते आणि पाणी येते. कापणी थांबवून दवाखान्यात जाण्याजोगे ते वाटत नाही. पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो आणि भात खळ्यात पडलेले असते. हा आजार हळू चढतो, त्यामुळे चार-आठ दिवस निघून जातात. मग उजेड सहन होईनासा होतो, ठणका लागतो आणि बुबुळावर राखाडी-पांढरा ठिपका दिसू लागतो. त्याची कड पिसासारखी विस्कटलेली असते, आजूबाजूला लहान ठिपके उमटतात, कधी डोळ्याच्या आत तळाशी पू साचतो. मात्र नुसत्या नजरेने बुरशी की जिवाणू हे अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. व्रणाची कड बारीक पात्याने खरवडून तो कण काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले तंतू दिसतात. काही मिनिटांची, अगदी स्वस्त तपासणी. पण निदान आणि उपचार दोन्ही तिच्यावर उभे आहेत.

उपचारांवर 2010 नंतर झालेले बरेचसे महत्त्वाचे संशोधन भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांवर झाले आहे. नाटामायसिन हे जुने औषध. 5 टक्क्यांचे, दुधासारखे पांढरे, बाटली हलवूनच घालायचे थेंब. ते बुबुळात खोल मुरत नाही, म्हणून व्होरिकोनाझोल हे नवे औषध सरस ठरेल अशी अनेकांची अपेक्षा होती. दक्षिण भारतात 323 रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली आणि 2013 मध्ये निष्कर्ष आले : नाटामायसिन घेतलेल्यांची दृष्टी अधिक चांगली राहिली आणि बुबुळ फुटण्याचे प्रमाण कमी. फ्युजेरियमच्या व्रणात हा फरक सर्वांत ठळक होता. तीव्र व्रण झालेल्या 240 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना थेंबांच्या जोडीला व्होरिकोनाझोलच्या गोळ्या देऊनही एकूण फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले; हे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. किरणांनी बुबुळ घट्ट करण्याची पद्धत 2020 मधल्या चाचणीत उपयोगी ठरली नाही. नेपाळमध्ये क्लोरहेक्झिडिन हे स्वस्त जंतुनाशक नाटामायसिनच्या जागी चालेल का, हे पाहिले गेले. 2022 मधल्या निष्कर्षांत तेही मागे पडले. नाटामायसिन 2017 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तालुक्याच्या गावी ते हाताशी असणे हा चैनीचा प्रश्न नाही.

सर्वांत मोठे नुकसान स्टिरॉइडच्या थेंबांनी होते. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणूस पुन्हा शेतात जातो आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. जिवाणूंच्या व्रणात प्रतिजैविकाच्या जोडीला स्टिरॉइड देऊन 500 रुग्णांवर केलेल्या चाचणीतही (2012) तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकूण फरक पडला नव्हता. बुरशीच्या व्रणात तर ते घातकच. ‘लाल डोळ्याचे थेंब द्या’ म्हणून दुकानातून आणलेल्या बाटलीत स्टिरॉइड असू शकते, हे घराघरांत माहीत असायला हवे. डोळ्यात दूध किंवा मध घालणे, जिभेने कुसळ काढणे हेही टाळावे. त्यातून नवे जंतू जातात.

प्रतिबंधाबाबत नेपाळमधील भक्तपूरचा अनुभव महत्त्वाचा आहे. ओरखडा पडल्यापासून 18 तासांच्या आत गावातच क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम सुरू केलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही, असे 2001 मध्ये नोंदवले गेले. पुढे नेपाळमध्येच स्वयंसेविकांमार्फत मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचणीत (2022) मात्र मलम देणाऱ्या आणि न देणाऱ्या गावांतल्या व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्यामुळे मलमावर विसंबून राहता येत नाही. झोडणीच्या वेळी साधा बंद चष्मा लावणे, खुपले तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुणे आणि दुसऱ्या दिवशीही खुपत राहिले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे, एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

उपचार लांबतो. पहिले काही दिवस जागेपणी दर तासाला थेंब, नंतर अंतर वाढवत कित्येक आठवडे. पांढरे औषध व्रणात साचून राहते, त्यावरून जखम बिघडली असे समजून काहीजण ते मध्येच बंद करतात. तसे करू नये. औषधाने आटोक्यात न आल्यास संसर्ग झालेला भाग काढून दान मिळालेले पारपटल बसवतात. त्याने बहुधा डोळा वाचतो, दृष्टी मात्र पूर्ववत होतेच असे नाही.