ताठरतेच्या गोळ्या कमी खर्चात: सोलापुरात कुठे जायचं, कोणते कागद लागतात

लिंगाला ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे या त्रासावरच्या गोळ्या सरकारी दरात मिळतात, एवढं ऐकून बरेच जण आधी उत्पन्नाचा दाखला काढायला निघतात. त्याची काहीच गरज नाही. यासाठी कुठला फॉर्म नाही, उत्पन्नाची मर्यादा नाही. लग्न झालंय की नाही हेही कुणी कागदावर मागत नाही आणि बायकोची संमती लागत नाही. लागते ती नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी. या त्रासावर दिली जाणारी सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही दोन्ही शेड्यूल एच मधली औषधं आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी. ओळखीच्या मेडिकलवाल्याने हळूच पुडीत बांधून दिली तरी ती विक्री बेकायदाच, आणि बहुतेक वेळा महागाच्या ब्रँडची.

चिठ्ठी कुठे मिळेल

शहरातल्यांसाठी सरळ रस्ता सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. सोबत आधार कार्ड आणि मोबाइल ठेवा. आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढलेलं असेल तर नोंदणीला वेळ कमी लागतो. हे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्याने थोडं शुल्क पडतं. पिवळं रेशनकार्ड असेल तर ते न्या आणि शुल्कमाफीचं खिडकीवरच विचारा. तालुक्याच्या माणसाला सोलापूर गाठायची गरज नाही. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, अक्कलकोटचं ग्रामीण रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची, आणि या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.

खिडकीवर चारचौघांत "काय होतंय?" असं विचारतात, आणि तिथूनच निम्मे लोक परत फिरत असावेत. तिथे सगळं सांगायची सक्ती नाही. "शुगर-बीपी तपासायचंय, मेडिसिन ओपीडी" एवढं म्हटलं की पुरे, आणि ते खोटंही नाही, कारण ते तपासणारच आहेत. खरी तक्रार डॉक्टरसमोर मात्र सरळ सांगा: "सर, ताठरपणा येत नाही", किंवा "येतो पण टिकत नाही, इतके महिने झाले." "अशक्तपणा वाटतो" एवढ्यावर थांबलात तर ताकदीच्या गोळ्या घेऊन घरी याल. सकाळी झोपेतून उठताना ताठरता असते का, हेही सांगा. असेल तर कारण बहुधा मनावरच्या ताणाकडे झुकतं, नसेल तर रक्तवाहिन्या, नसा किंवा हार्मोनकडे.

कामगाराची सकाळची पाळी बुडते ही अडचण खरी आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा कापला जातो (दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले), त्यांनी आपलं ई-पहचान कार्ड आणि आधार घेऊन कामगार विमा दवाखान्यात दाखवावं. तपासणीचा खर्च वाचतो. तोंडावर बोलायला जमतच नसेल तर ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. मोबाइलवर ओटीपी टाकून डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं आणि ई-चिठ्ठी मिळते. फक्त त्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर मोजून घ्या, कारण ते आकडे डॉक्टर विचारणारच.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. कागद विसरला तर चालेल, ही नको विसरायला. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने किंवा नायट्रेट गटातलं कुठलंही औषध घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर डोस जपून ठरवावा लागतो. शिवाय बीपीच्याच काही गोळ्यांमुळे ताठरता कमी होते, आणि मग नुसती ती गोळी बदलून काम भागू शकतं. पाकीट पाहिल्याशिवाय डॉक्टरला हे कळणार कसं?

साखर, कोलेस्टेरॉल, बीपी या तपासण्या टाळू नका. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तुंबतात. हा त्रास पुढच्या हृदयविकाराची सूचना ठरू शकतो. तंबाखू मळणाऱ्याने तर हे ऐकलंच पाहिजे.

चिठ्ठीवर काय असावं

औषध दुकानांच्या नियमांनुसार चिठ्ठीवर रुग्णाचं नाव व पत्ता, औषधाची एकूण संख्या, डोस, तारीख आणि डॉक्टरची सही हवी. गोळीचं नाव कंपनीचं नको, मूळ औषधाचं हवं: "सिल्डेनाफिल ५० मिग्रॅ" असं. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं त्यांच्या आचारसंहितेतच आहे, तेव्हा मागायला संकोच नको. ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर दुकानदाराला आपल्या मनाने दुसरं औषध देता येत नाही, आणि तुम्ही जनऔषधी केंद्राच्या (सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानाच्या) दारातून रिकाम्या हाताने परत येता.

दुसरी बारीक गोष्ट: डॉक्टरने वेगळं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. म्हणून "दरमहा, तीन महिने" असं काही लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी रांग. शंभर मिलिग्रॅमची गोळी पन्नासच्या दुप्पट भावाची असतेच असं नाही. अर्धी करून घेतली तर चालेल का, हेही त्याच बैठकीत विचारा.

जनऔषधी केंद्रात

सोलापुरात आणि तालुक्यांच्या गावी प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रं आहेत. जवळचं केंद्र "जनऔषधी सुगम" या अ‍ॅपवर सापडतं, औषधाचा दरही तिथेच दिसतो. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-८०८०. जाण्याआधी साठा आहे का हे केंद्राला फोन करून विचारलेलं बरं, कारण या गोळ्या संपलेल्या असू शकतात. इथला दर त्या औषधाच्या आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याच्या वर जाऊ देत नाहीत. आधार, रेशनकार्ड काही लागत नाही. तोंडाने नाव उच्चारायचीही गरज नाही, चिठ्ठी पुढे करा, बिल घ्या.

सिव्हिलच्या औषध खिडकीवर ही गोळी फुकट मिळेलच असं धरून चालू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डही इथे कामाचं नाही. त्या योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत, ओपीडीतल्या गोळ्यांसाठी नाहीत.

घेताना

सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, दिवसातून एकदाच. मटण-भाकरीचं भरपेट जेवण झालं असेल तर ती उशिरा लागू पडते. इच्छा नसताना ती आपोआप काही करत नाही. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो. ताठरता चार तासांहून जास्त राहिली, अचानक दिसायचं किंवा ऐकू यायचं कमी झालं, तर थेट तातडीच्या विभागात जायचं. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर डॉक्टरला आधी गोळी घेतल्याचं सांगा, म्हणजे नायट्रेट दिलं जाणार नाही.

एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" वाल्यांविषयी: लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करणं हाच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. त्यांच्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे, तेही किती ते कळत नाही. हृदयाच्या पेशंटला ही पुडी किती महागात पडेल, हे वर सांगितलंच. अशी पुडी घेतली असेल तर फेकू नका. वेष्टन आणि असल्यास पावती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा; त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.