पेटीवरचे नाव

आधुनिक जपानी स्टोनवेअर, म्हणजे साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजलेली, झिलई दिलेली दणकट भांडी, विकत घेणारा जाणकार पुष्कळदा भांड्याच्या आधी त्याची लाकडी पेटी मागतो. हलक्या किरी लाकडाच्या या पेटीला ‘तोमोबाको’ म्हणतात आणि तिच्या झाकणावर कुंभाराने स्वहस्ते शाईने भांड्याचे वर्णन व आपले नाव लिहिलेले असते. चहाविधीची भांडी पेटीत जपण्याची चाल जुनी आहे. विसाव्या शतकातल्या भांड्यांच्या बाबतीत मात्र तिला जे वजन आले, त्याचे मूळ मिंगेई चळवळीत आहे.

‘मिंगेई’, म्हणजे सामान्य जनांची कारागिरी, हा शब्द विचारवंत यानागी सोएत्सु आणि हामादा शोजी व कावाई कान्जिरो या कुंभारांनी १९२५च्या सुमारास घडवला. अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूतच खरे सौंदर्य असते, असा यानागींचा आग्रह होता व त्यातूनच १९३६ मध्ये टोक्योत लोककला संग्रहालय उघडले. इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत भट्टी उभारून परतलेले हामादा १९२४ पासून माशिकोत काम करू लागले. हे गाव तोवर टोक्योच्या स्वयंपाकघरांना रांजण आणि घोटणीची भांडी पुरवीत असे. तिथल्याच दगडाची पूड करून केलेली तांबूस-तपकिरी ‘काकी’ झिलई त्यांनी आपलीशी केली आणि पळीने झिलई ओतून उठवलेले तिचे मोकळे ओघळ ही त्यांची ओळख ठरली. भांड्यावर सही करणे त्यांनी सोडले. पेटीवर मात्र ते नाव लिहीत. नाव पुसायला निघालेल्या चळवळीची भांडी अशा रीतीने नावावर विकली जाऊ लागली, आणि यातली विसंगती यानागींच्या चाहत्यांना फारशी खटकलेली दिसत नाही.

सरकारने त्यात भर घातली. १९५५ मध्ये हामादा, तोमिमोतो केन्किची, इशिगुरो मुनेमारो आणि आराकावा तोयोझो या कुंभारांना जो मान मिळाला, त्याला लोक ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणू लागले. कावाईंनी तो नाकारला. त्यांची भांडी संग्राहकांना तरीही हवीच असतात.

तज्ज्ञांची नजरही मग कसाला लागली. १२९४ साल कोरलेला, राखेच्या झिलईचा, सेतो या कुंभारकामाच्या गावचा एक बुधला १९५९ मध्ये महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जाहीर झाला. पण तो आपणच घडवल्याचे कुंभार कातो तोकुरो यांनी सांगितले आणि १९६१ मध्ये तो यादीतून काढावा लागला. या बुधल्याची भलामण करणारे अधिकारी व अभ्यासक कोयामा फुजिओ यांनी पद सोडले. पुढे ते स्वतःच चाकावर बसले, आणि आज त्यांची भांडीही त्यांच्याच हस्ताक्षरातल्या पेट्यांसह विकली जातात.